आधी गाव, मग शहर: सांगलीच्या पूर्व भागातल्या एका माळाचं प्रकरण

कवठेमहांकाळ आणि जतच्या सीमेवरच्या एका गावातलं हे प्रकरण आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथल्या माळावर लांडग्यांची घळ, म्हणजे पिल्लं घालायची जागा आहे आणि असल्या जागेचं नाव एकदा ग्रुपवर फिरलं की पुढच्या रविवारी कॅमेरे घेऊन गाड्या हजर होतात. बाकी सगळं जसं झालं तसं लिहितोय.

निसर्गफेऱ्या काढणारे आपण सगळे एक गोष्ट धरून चालतो, की माणसाला रानात नेलं, चार पक्षी दाखवले की त्याला ओढ लागते आणि उद्या त्या रानावर वेळ आली तर तो त्याच्या बाजूनं उभा राहतो. ओढ लागते हे खरंय. पण सांगली-मिरजेहून सकाळी येऊन दुपारी घरी जेवायला जाणाऱ्या माणसाला उभं राहायला जागा कुठाय? ग्रामसभेत त्याला बोलता येत नाही, त्याचं तिथं मत नाही, गायरानावर त्याची गुरंढोरं चरत नाहीत. या प्रकरणात माळाचा मोठा भाग वाचला तो त्याच्या शेजारी राहणारी माणसं आपल्याच माळावर फेरीला आली म्हणून, आणि त्यांना फिरवणारा माणूस त्यांच्यातलाच होता म्हणून. आता फेऱ्यांबद्दल कुणी विचारलं की मी पहिल्यांदा हेच सांगतो, आधी गाव, मग शहर.

माळ म्हणजे काय आणि सागरेश्वर डोक्यात कसं बसलंय

आपल्या जिल्ह्याची दोन टोकं एकमेकांना ओळखत नाहीत. शिराळ्याच्या बाजूला चांदोली, तिथला पाऊस, ती हिरवी दाटी, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, २०१२ पासून युनेस्कोचा जागतिक वारसा. आणि इकडं पूर्वेला जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, जिथं वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास आणि तोही भरवशाचा नाही. मुरमाड जमीन, वर चार बोटं माती, त्यात पवन्या, कुसळी, मारवेल असलं गवत, मध्येच तरवड, बोर, हिवर. एप्रिलमध्ये कुणी बघितलं तर म्हणणार हितं काहीच नाही. सरकारी कागदावरही असल्या जमिनी पडीक म्हणूनच लागतात.

या काहीच नाही म्हणतात त्या जागेत काय काय आहे बघा. लांडगा आहे, जो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीनं, आणि २०२२ च्या एका अंदाजानुसार अख्ख्या देशात सुमारे ३,१०० लांडगे उरलेत. खोकड आहे, तरस आहे, माळटिटवी, धाविक, पखुर्डी, चंडोलांच्या कितीतरी जाती. दिवाळीच्या आसपास भोवत्या म्हणजे हॅरियर येतात, थेट कझाकस्तानकडच्या गवताळ भागातून, आणि मार्चपर्यंत राहतात, दिवसभर गवतावरून खाली खाली उडत टोळ-नाकतोडे आणि उंदीर टिपतात, संध्याकाळी गवतातच जमिनीवर झोपतात. झाडावर बसून झोपणारा पक्षी नाही तो, त्याला गवतच लागतं. आणि या सगळ्यांच्या बरोबरीनं धनगरांची मेंढरं, माडग्याळी जातीची, ती उंच, पोपटनाकी, लाल-पांढऱ्या ठिपक्यांची, जी याच मुलखात तयार झालीत.

आता सागरेश्वर. सांगली जिल्ह्यात शाळा शिकलेल्या जवळजवळ प्रत्येकाची एक सहल सागरेश्वरला गेलेली असते. उजाड डोंगर, धों. म. मोहित्यांचा ध्यास, लावलेली झाडं, मग हरणं, सांबर, जवळजवळ अकरा चौरस किलोमीटरचं माणसानं उभं केलेलं अभयारण्य. मोठं काम आहे ते, मला त्याचा अभिमानच आहे. पण त्याचा एक परिणाम असा झाला की आपल्याकडं निसर्ग वाचवायचा म्हणजे झाड लावायचं हे समीकरण लहानपणीच डोक्यात बसतं. त्यात राज्य सरकारनं २०१६ ते २०१९ या काळात जे लागवडीचे आकडे दिले, २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी, ३३ कोटी, त्यानं तर प्रत्येक मोकळी जागा खड्ड्यांसाठीच आहे असं वाटायला लागलं. माळ मोकळा असणं हाच त्याचा निरोगीपणा आहे हे कुणी सांगितलंच नाही, आणि सांगून पटतही नाही, ते दाखवावं लागतं.

गोष्ट सुरू कुठून झाली

आमचा सांगलीतला छोटा ग्रुप, बहुतेक नोकरीवाले, दोन डॉक्टर, एक कॉलेजचे प्राध्यापक. हिवाळ्यात भोवत्या बघायला या माळावर फेऱ्या व्हायच्या. त्याच हिवाळ्यात फोटोग्राफर मंडळींचाही राबता वाढला. गवतातनं गाड्या घालायच्या, धाविकाच्या मागं गाडी पळवायची, एकानं तर लांडगा दिसावा म्हणून मेंढराच्या कळपामागं गाडी लावली. मेंढरं उधळली, एक गाभण मेंढी पडली. गावात साहजिकच सगळ्या शहरी गाड्यांबद्दल एकच मत झालं. तिथल्या माणसांच्या डोळ्यांनी बघितलं तर ज्या प्राण्यासाठी ही माणसं एवढं पेट्रोल जाळून येतात तो आपलं कोकरू नेतो, आणि यांना आपल्या कोकराचं काही नाही.

तिथल्या जिल्हा परिषद शाळेच्या बाईंनी एकदा आम्हाला चहाच्या टपरीवर गाठलं आणि सरळ विचारलं, "सर, तुम्ही एवढ्या लांबनं येऊन आमचा माळ बघता, आमच्या पोरांनी तो कधी बघितला नाही. त्यांना कोण दाखवणार?" मेंढरामागं जाणारी पोरं माळ रोज तुडवतात, पण पक्ष्याला नाव नाही, अंड्याला नाव नाही, आणि बाकीची पोरं तर माळावर जातच नाहीत, ती मोबाईलवर आफ्रिकेतले सिंह बघतात. बाईंचा प्रश्न बरोबर होता, आणि त्यांनीच उत्तरही सुचवलं, की तुम्ही नको, आबांना घ्या.

आबा म्हणजे गावातले एक वयस्क मेंढपाळ, सत्तरीकडं झुकलेले. शाळा दुसरीपर्यंत. पण कुठल्या दगडाखाली घोणस, कुठल्या ओघळीत तरसाची वाट, कुठल्या महिन्यात लांडगी घळीत जाते, हे सगळं तोंडपाठ. आम्ही त्यांना फक्त एक करून दिलं, पक्ष्यांचे फोटो लॅमिनेट करून एक गठ्ठा दिला, म्हणजे लांब दिसलेला पक्षी पोरांना जवळून दाखवता येईल. बाकी त्यांना शिकवायला आम्ही कोण होतो.

तेवढ्यात उन्हाळ्यात बातमी आली की एका कंपनीच्या सीएसआर निधीतून, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या पैशातून, त्याच माळावर लागवड मंजूर होतेय. सलग समतल चर म्हणजे पाणी अडवायला उताराला आडवे खणलेले चर, जेसीबीनं खड्डे, गिरिपुष्प, करंज, कडुलिंब, भोवती तारेचं कुंपण आणि रोपं जगेपर्यंत चराईबंदी. सरपंच बापू खूश होते आणि त्यांच्या जागी कुणीही असता तर खूश झाला असता. गावाला निधी येतोय, झाडं येतायत, फलक लागणार. हेतूत काही खोट नव्हती. मे संपता संपता अर्ध्या माळावर फक्कीच्या पांढऱ्या खुणा पडल्या.

पोरांची फेरी

जूनमध्ये पहिला बरा पाऊस झाल्यावर शाळेची फेरी निघाली. बिरोबाच्या देवळापाशी जमायचं, तिथनं चालत. आबांनी निघतानाच नियम घातले, "पाय उचलून टाकायचा, घासत चालायचं न्हाई. कोण वरडलं तर मी हितनंच म्हागं." पाचवी-सहावीची पोरं, एवढी शांत मी त्यांना शाळेतही बघितली नसतील.

थोडं पुढं गेल्यावर आबा थांबले, खाली बसले आणि काठी आडवी धरून सगळ्यांना मागंच उभं केलं. हातभर अंतरावर एका दगडाच्या कडेला, गवताच्या बुंध्यापाशी, जमिनीत एवढासा खळगा. आत बारीक गवताच्या काड्या, आणि कडेनं ओळीनं मांडलेले बारके खडे. मध्ये दोन अंडी, करडी, तपकिरी ठिपक्यांची, मुरमाच्याच रंगाची. डोंबारी चंडोलाचं घरटं. नर वर आभाळात चढून शीळ घालत खाली झेपावत होता तो याच घरट्याच्या भोवती. एक पोरगी म्हणाली, "आबा, हे खडं पाखरानं आणल्यात?" आबा म्हणाले, "मग काय मी आणून ठेवलं व्हय?" सगळी हसली, आणि आबांनी लगेच सगळ्यांना मागं घेतलं, कारण मादी गवतात थांबून बघत होती आणि आभाळ भरून आलेलं, अंडी उघडी पडू द्यायची नव्हती.

मागं येताना एका पोराच्या लक्षात आलं की फक्कीची एक खूण त्या दगडापासून दोन हातांवर आहे. त्यानं विचारलं, हितं काय हाय? बाईंनी सांगितलं, इथं खड्डा काढणार आहेत, झाडासाठी. पोरगं म्हणालं, "मग ह्यांनी कुठं जायाचं?" त्या वेळी कुणी भाषण दिलं नाही, बाईंनीही नाही, आबांनीही नाही, आणि हे फार बरं केलं. पोरांनी उरलेल्या वाटेवर स्वतःहून खुणा बघायला सुरुवात केली, कुठली खूण घरट्याच्या जवळ, कुठली वारुळाच्या जवळ, कुठली धाविक बसतो त्या उघड्या पट्ट्यावर. लागवडीचा हंगाम आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा हंगाम एकच असतो, हे मी कितीतरी वेळा स्लाइडवर दाखवलंय, पण त्या पोरांना ते अर्ध्या तासात स्वतःच्या पायाखाली दिसलं.

बायकांची फेरी आणि कोकरांचं काय झालं

पोरं घरी जाऊन बोलली. मग बचत गटाच्या बायकांनी बाईंना निरोप दिला की आम्हालाबी यायचंय. ही फेरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तिच्यात पक्षी जवळजवळ नव्हतेच. आबा चालत होते आणि बायका गवताबद्दल बोलत होत्या. कुठलं गवत दिवाळीनंतर कापलं तर वर्षभर टिकतं, कुठलं दूध वाढवतं, कुसळी फुलायच्या आत चारली तर ठीक, नंतर मेंढराच्या कातड्यात घुसते. गटाच्या अध्यक्ष, गावात सगळे त्यांना अक्का म्हणतात, त्यांनी एका ठिकाणी थांबून विचारलं, "कुंपण पडल्यावर आमी इळा घिऊन कुठं जायाचं?" आबा म्हणाले, "चारपाच वर्सं तर आत सोडत न्हाईत." आणि गिरिपुष्पाला मेंढरं सहसा तोंड लावत नाहीत हे सगळ्यांना माहीतच होतं. चराईबंदी हा शब्द त्यांनी आधी ऐकला होता, पण तो आपल्या विळ्यापर्यंत येतोय हे तिथं उभं राहिल्यावर लक्षात आलं.

लोकांना रानाची ओढ लागते ती सुंदर काहीतरी बघून, असं पुस्तकात वाचलेलं असतं. इथं ती चाऱ्यातून लागली. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. ज्याचं पोट माळावर आहे त्याचा माळावरचा जीव जास्त खरा.

मग जुलैमध्ये ती रात्र आली. आबांच्या भावकीतल्याच एकाच्या वाघरीतून, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीतून, लांडग्यानं दोन कोकरं नेली. पाऊस, अंधार, कुत्री वाघरीच्या दुसऱ्या बाजूला. सकाळी गाव तापलेलं. लागवड नको म्हणणारे आता गप्प, आणि काही तरुणांनी तर उघडपणे विष घालायची भाषा सुरू केली. आमच्यासारख्याला फोन आला असता तर आम्ही कायदा सांगितला असता, आणि त्यानं गोष्ट आणखी बिघडली असती.

पण आबा तिथं होते, आणि फेरीला येऊन गेलेली तीन-चार माणसं होती. आबांनी पहिल्यांदा ज्याची कोकरं गेली त्याच्याजवळ बसून चहा घेतला. मग माग बघितला. चिखलात सरळ एका रेषेत गेलेली, लांबट पावलं, लांडगाच. कुत्र्याचा माग गोलसर असतो आणि तो इकडं तिकडं भरकटतो. मग त्यांनी एका कोकराचं जे उरलं होतं ते जागेवरच झाकून ठेवायला लावलं आणि वनरक्षकाला फोन करायला सांगितला. लांडग्यानं पाळीव जनावर मारलं तर वनविभागाकडून भरपाई मिळते, पण ४८ तासांच्या आत कळवावं लागतं, पंचनामा होईपर्यंत मृत जनावर हलवायचं नाही, आणि भटक्या कुत्र्यांनी मारलं असेल तर त्यात बसत नाही. हे सगळं बायकांच्या फेरीत एका ओढ्याच्या काठी, लांडग्याची विष्ठा दाखवताना सांगितलं गेलं होतं, लोकर आणि हाडाचे तुकडे त्यात दिसत होते म्हणून विषय निघाला होता. एरवी गावात ही माहिती कुणालाच नीट नसते, मढं ओढ्यात टाकून दिलं जातं आणि दोन महिन्यांनी कुणीतरी तालुक्याला हेलपाटे घालतं.

पंचनामा एकाच कोकराचा झाला, दुसऱ्याचं काही सापडलंच नाही. पैसे यायला फार वेळ लागला आणि कोकराची बाजारात जी किंमत आली असती त्यापेक्षा ते कमीच होते. त्या माणसाचं नुकसान झालं, ते झालंच. पण विष पडलं नाही. आबांच्या तोंडचं एक वाक्य त्या दिवशी गावात फिरलं, "वाघर सैल बांधली आपून, आन् इख त्येला?" दुसऱ्या दिवशी चार-पाच घरांनी आपापल्या वाघरी घट्ट केल्या, मेखा वाढवल्या.

बाहेरच्या माणसानं हेच वाक्य म्हटलं असतं तर त्याला गावातून बाहेर काढलं असतं.

१५ ऑगस्ट

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, कायद्यातच आहे तसं, पण बऱ्याच गावांत ती रजिस्टरवर सह्यांपुरती होते. या वेळी ती खरी झाली. शाळेच्या व्हरांड्यात अक्कांनी विषय मांडला की झाडांना आमचा विरोध नाही, जागेला आहे. माळावर कुंपण नको, गवत आम्हाला पाहिजे. तसा ठराव झाला आणि तो मुख्य ग्रामसभेपुढं आला.

ग्रामसभेत गोंधळ झालाच. निधी परत जाईल, गावाचं नाव खराब होईल, उद्या दुसरा निधी मिळणार नाही, हे सगळं बोललं गेलं आणि त्यात तथ्यही होतं. एकजण म्हणाला सागरेश्वर बघा, झाडं लावल्यावर डोंगर कसा झाला. त्यावर शाळेच्या बाई बोलल्या नाहीत, त्यांना बोलायचं होतं पण त्या सरकारी नोकरीत. बोलला तो घरट्याची खूण विचारणाऱ्या पोराचा बाप, जो स्वतः कधी फेरीला आलाच नव्हता. तो म्हणाला की झाडं लावायला ओढ्याची काठं मोकळी आहेत, रस्त्याची कड आहे, पाझर तलावाचा बांध आहे, शाळेमागची जागा आहे, तिथं माती आहे, तिथं रोप जगंल, मुरमात खड्डा काढून टँकरनं पाणी घालायचं आणि दोन उन्हाळ्यांत सगळं वाळायचं हे आपण आधी बघितलंय की. हा मुद्दा सगळ्यांना पटला कारण मागच्या लागवडीचे वाळलेले बुंधे गावाच्या वेशीवरच उभे होते.

ठराव असा झाला की लागवड ओढा, रस्ता, तलाव आणि शाळा इथं करायची, घळीच्या बाजूचा माळ गवतासाठी राखायचा, तिथं चर नाही, कुंपण नाही. रस्त्यालगतचा एक पट्टा मात्र लागवडीला गेला, तिथं खुणा होत्याच आणि ठेकेदारानं काही खड्डे आधीच काढलेले. तो पट्टा गेला ते मला अजून लागतं, धाविक तिथंच बसायचे. कंपनीनं निधी कमी केला, राहिलेला दुसऱ्या गावाला दिला. त्यावरून गावात अजून धुसफूस आहे आणि पुढच्या निवडणुकीत ती निघणार हेही सगळ्यांना माहितीये.

मग शहराच्या फेऱ्या

या सगळ्यानंतर बापूंनीच, हो, ज्यांना लागवड हवी होती त्या सरपंचांनी, आम्हाला बोलावून विचारलं की तुमच्या त्या शहरातल्या फेऱ्या आता आमच्या पद्धतीनं होतील का. पुणे जिल्ह्यात वनविभागानं २०२४ मध्ये इंदापूरच्या कडबनवाडीला आणि बारामतीच्या शिर्सुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केलीय, गावातली पोरं गाईड, गावाला उत्पन्न, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. साताऱ्यात कासला आसपासच्या गावांच्या समित्या फुलांच्या हंगामात तिकीट, गाईड, पार्किंग सगळं बघतात हेही माहीत होतं. कासची गर्दी मात्र नको असं त्यांनी आधीच बजावलं, आणि फुलं बघायला येणारी गर्दी निदान हंगामापुरती असते, लांडगा बघायला येणारी बारमाही होईल हा त्यांचा हिशोब चुकीचा नव्हता.

गावानं ठरवलेले नियम साधे आहेत. गाडी देवळापाशी, पुढं पायी. एका वेळी बाराच्या वर माणसं नाहीत. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवायचा नाही. घळीच्या बाजूला कुणालाच नेत नाहीत, आणि लांडगीची पिल्लं साधारण डिसेंबर-जानेवारीत होतात म्हणून हिवाळाभर तो अर्धा माळ फेऱ्यांना पूर्ण बंद. लांडगा दिसेलच अशी हमी नाही, आणि बुकिंग करतानाच हे स्पष्ट सांगतात. काही फोटोग्राफर यावर चिडून परत गेले. गेले तर गेले. फीमधला मोठा वाटा फेरी नेणाऱ्या गाईडला, बाकी ग्रामपंचायतीला, आणि शेवटी कुणाच्या तरी घरी बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं, त्याचे पैसे थेट त्या बाईच्या हातात.

शहरातली माणसं या फेऱ्यांना येतात, आनंदानं येतात, आणि त्यांचा उपयोगही आहे. एका वकिलांनी ठरावाची भाषा तपासून दिली, एका पशुवैद्य डॉक्टरांनी मेंढरांचं लसीकरण शिबिर घेतलं, आणि माळावरच्या कुत्र्यांच्या नसबंदीसाठी पैसे जमवायचं काम शहरातलेच लोक करतायत. हा शेवटचा विषय माझ्या मते सगळ्यात तातडीचा आहे, कारण भटकी कुत्री घरटी उद्ध्वस्त करतात, कोकरं मारतात, लांडग्यांना रोग देतात, लांडग्याशी त्यांचा संकरही होतो, आणि त्यांनी केलेल्या प्रत्येक शिकारीचं पाप लांडग्याच्या नावावर लागतं. पण हे सगळं शहरानं केलं ते गावानं माळ राखायचं ठरवल्यावर. उलट क्रमानं झालं असतं असं मला वाटत नाही.

अजून अडलेलं

आबांचे गुडघे आता साथ देत नाहीत. त्यांचा पुतण्या दोन हंगाम त्यांच्याबरोबर फिरला, इतका छान तयार झाला, पक्ष्यांची नावं मराठी-इंग्रजी दोन्ही सांगायचा, पण फेऱ्या रविवारच्याच आणि तेही हंगामात, त्यावर घर चालत नाही. तो परत गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या कामाला दक्षिणेत गेला, या भागातली निम्मी तरुण पोरं सोन्याचांदीच्या गलाईला बाहेर असतात तसा. त्याला दोष कसा देणार? आता अक्कांच्या गटातल्या दोघी आबांच्या बरोबर चालतायत. गवताचं त्यांचं ज्ञान आबांपेक्षा जास्त आहे, लांडग्याच्या मागाचं कमी, आणि बाई गाईड म्हटल्यावर शाळेच्या मुली जास्त मोकळेपणानं प्रश्न विचारतात हे बघितलंय.

दुसरं म्हणजे माळाला कायमचं संरक्षण. आटपाडीला लांडग्यांसाठी २०२३ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झालं, सुमारे ९.४८ चौरस किलोमीटरचं. कायद्यात ही तरतूद २००२ च्या दुरुस्तीनं आली, सरकारी जमिनीवर, स्थानिक लोकांशी चर्चा करून, आणि व्यवस्थापन समितीत प्रत्येक ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतो. लोकांचे हक्क त्यात जात नाहीत. तरी राखीव हा शब्द ऐकला की गाव दचकतं, चांदोलीच्या विस्थापितांच्या वसाहती जिल्ह्यातच आहेत, त्यांचे हाल लोकांनी बघितलेत. म्हणून हा विषय अजून ग्रामसभेत आलेला नाही आणि गावाच्या आधी आम्ही तो काढणारही नाही. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या पातळीवर एवढं केलंय की होळीच्या आधी माळाभोवती जाळरेषा काढायला पैसे टाकले, म्हणजे बांधावरची आग गवतात घुसणार नाही, आणि राखलेल्या गवताचा कापणीचा हक्क बचत गटाला दिला.

आणि तिसरं, म्हैसाळ योजनेचं पाणी. माळाला लागून ज्यांच्या जमिनी आहेत त्यांच्याकडं पाणी आलंय, पोकलेन लावून उतार सपाट करून द्राक्षबागा होतायत, आणि कडेकडेनं गायरानातही बांध सरकतोय. या बागायतदारांपैकी फेरीला अजून कुणीच आलेलं नाही. अक्कांनी त्यांच्या घरी जाऊन बोलावणं केलंय, भोवत्या त्यांच्या बागेच्या बांधावर उंदीर टिपतो तेवढंच दाखवू, बाकी काही बोलणार नाही म्हणून सांगितलंय. द्राक्षं उतरल्यावर येतो म्हणालेत.